दुभाष्याच्या पोटात राहिलेला श्वास

ताईला पुसायची खोड होती. समोरच्याचा कप टेबलावर टेकतो न टेकतो तोच त्याच्याखालचं ओलं वर्तुळ तिने फडक्याने टिपलेलं असायचं. तिचा नवरा म्हणायचा, आमच्या घरी धूळसुद्धा विचारून बसते. कारखान्यातली मशीनवरची मावशी तर नव्या माणसाला आधीच बजावून ठेवायची, "ताईसमोर फार वेळ गप्प बसू नका, ती तुम्हालाही पुसून टाकेल." ताई हसायची आणि हसता हसता मावशीच्या मशीनवरचा सुताचा भुगा झटकायची.

ऐकायला ही खोड गमतीची वाटते आणि बऱ्याच अंशी होतीही. पण तिच्याच पायी ताईचा सख्ख्या भावाशी अबोला झाला होता. अबोला इतका जुना झाला होता, की आपल्याला एक मामा आहे हे ताईच्या मुलांना फोटोंवरूनच ठाऊक होतं. हा अबोला सुटावा असं ताईला वाटायचं, पण त्याचं टोक कुठे आहे तेच तिला सापडत नव्हतं. आपण जे केलं ते बरोबर होतं, याबद्दल तिची खात्री होती. बरोबर असलेल्या माणसाची हीच पंचाईत असते. त्याला माफी मागायला जागाच सापडत नाही.

ताई मोज्यांच्या कारखान्यात प्रोग्रॅमर होती. हे मोजे साधे नव्हेत. दिवसभर उभं राहून ज्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, संध्याकाळी ज्यांचे घोटे सुजतात, त्यांना डॉक्टर जे लिहून देतात ते, गुडघ्यापर्यंतचे. घोट्याशी घट्ट आणि वर चढावं तसे हळूहळू सैल. जास्त घट्ट झाले तर पायावर वळ उठतात. कमी झाले तर मोजा घातला काय नि न घातला काय, सारखंच.

मशीनला मात्र घट्ट नि सैल कळत नाही, आकडे कळतात. आत सुयांचं एक गोल कडं असतं. दर फेऱ्याला सुई किती खाली ओढायची याचा एक आकडा असतो. जास्त ओढली की टाका मोठा आणि वीण सैल, कमी ओढली की वीण तंग. एक मोजा म्हणजे अशा आकड्यांची लांबच लांब रांग. पूर्वी ही रांग ताईचा दादा हाताने भरायचा. तो तिथे फिटर होता. एक आकडा इकडचा तिकडे झाला की मोज्याला मध्येच गळू आल्यासारखा फुगवटा यायचा, आणि मग दादा घरी येऊन आकड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

ताई तेव्हा कुठल्याशा कचेरीसाठी हजेरीचे प्रोग्रॅम लिहीत होती आणि त्या कामाला मनापासून कंटाळली होती. एकदा दादाची बडबड ऐकून ती म्हणाली, "आकडे राहू दे. नव्या माणसाला मोजा कसा विणायचा ते तू तोंडी कसं सांगशील? तसं मला सांग."

दादा म्हणाला, "त्यात काय सांगायचं? घोट्याशी तंग धर. पोटरी येईपर्यंत फेऱ्याफेऱ्याला सैल सोड. टाच आली की अर्ध्या सुया थांबव आणि वळव."

ताईने हेच शब्द उचलले. तंग, सैल, थांबव, वळव. या शब्दांत मोजा लिहायचा, आणि तो वाचून मशीनचे आकडे काढून देणारा एक प्रोग्रॅम तिने लिहिला. शिकलेली माणसं अशा प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. कारखान्यात त्याचं नाव पडलं दुभाष्या, कारण अलीकडे माणसं, पलीकडे मशिनं आणि मधे हा. भाषेला सगळे नुसतं बोली म्हणायचे. ताईची हजेरीची नोकरी सुटली आणि ती दादाच्या कारखान्यात आली. मशिनांच्या खोलीला लागून, काचेपलीकडे तिचं टेबल होतं.

बोलीतली खरी गंमत अशी, की ती पुरी झालेलीच नव्हती. ताईने ती मुद्दाम अर्धी सोडली होती. 'शिकव' असा एक शब्द तिने तीत घालून ठेवला होता. तो लिहून कुणीही आधीच्या शब्दांतून आपला नवा शब्द करायचा आणि त्या क्षणापासून तो सगळ्यांचा व्हायचा. मावशीने 'भरदार' शिकवला, जाड पोटरीसाठी. ज्यांच्या बोटांत जोर उरला नाही त्यांना ओढायला सोपा पडेल असा वरचा पट्टा कुणी शिकवला, त्याचं नाव 'आजी'. एका टवाळाने 'साहेब' असा शब्द शिकवला. तो आला की मशीन काहीही न विणता एक फेरा नुसतंच फिरायचं. मॅनेजरसाहेबांना हे कळायला बरेच दिवस लागले आणि हसायला त्याहून जास्त. तरीही त्यांनी शब्द काढायला लावला नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा.

पुढे ताईने आणखी एक करामत केली. दुभाष्याच तिने बोलीत लिहून काढला. म्हणजे नवा दुभाष्या करायचा तर त्याचा मजकूर जुन्या दुभाष्याला वाचायला द्यायचा, आणि त्याने तो वाचून नवा तयार करायचा. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे विरजणच की. कालचं दही घालून आजचं लावायचं." ताईला ते इतकं पटलं की पुढे नव्या माणसांना ती तसंच समजावू लागली.

या विरजणाची एक खुबी आहे, आणि पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. समजा, दुभाष्याला 'सैल' म्हणजे काय ते ठाऊक नाही. मग त्याच्या मजकुरात एकदा सविस्तर शिकवणी लिहायची, की सैल आलं की सुई अमुक इतकी खाली. त्यावरून नवा दुभाष्या तयार झाला की शब्द त्याच्या अंगात मुरला. आता मजकुरातली शिकवणी काढून टाकली तरी चालतं. 'सैल आलं की सैल कर' एवढंच लिहिलं तरी पुरतं, कारण वाचणाऱ्याला ते आता माहीत असतं. तो ते आपण तयार केलेल्या पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. मजकुरात आकडा कुठेच नाही आणि तरी प्रत्येकाला तो येतो.

ताई दर वेळी शिकवणी काढून टाकायची. ही सवय तिला वडिलांनी लावली होती. ते शाळामास्तर होते. घरी दाराच्या मागच्या बाजूला काळा रंग देऊन त्यांनी फळा केला होता आणि शाळेतून खडूचे तुकडे आणून त्यावर दोन्ही मुलांना शिकवायचे. समजलं का, असं विचारायचे आणि मान हलली की म्हणायचे, "मग पुसा. डोक्यात गेलं ते फळ्यावर कशाला?" दादा उंच म्हणून वरचा भाग पुसायचा आणि ताई खालचा. दुभाष्याच्या कामातही दोघं असंच म्हणायची, शिकवणी झाली, फळा पुसला.

दोघं म्हणायचं कारण दादाही हे काम शिकला होता. नुसते वरवरचे शब्द नव्हे, दुभाष्याच्या आत हात घालायला तो शिकला. आणि शिकला ते सगळ्यांना ऐकवत शिकला. नम्रपणाशी दादाची फारशी ओळख नव्हती. एखादं मशीन सुरू झालं की ते आपल्या धाकानेच सुरू झालं, असा चेहरा करून तो खोलीभर फिरायचा. त्याने केलेल्या शब्दांत त्याचा सर्वांत लाडका होता 'श्वास'. त्याचं म्हणणं असं, की पोटरी काही नरसाळं नाही. माणूस चालतो तेव्हा ती दर पावलाला फुगते आणि ओसरते. म्हणून काही फेऱ्यांमागे एक फेरा किंचित ढिला ठेवायचा, डोळ्यांना दिसणार नाही इतकाच. तेवढ्यावर पाय श्वास घेतो.

काही महिने सगळे आपापल्या मोज्यांत श्वास लिहीत होते. मग दादाला वाटलं, दर वेळी लिहायचा कशाला? ताई मुलीच्या तापामुळे रजेवर होती, तेव्हा त्याने श्वास थेट सैलच्या शिकवणीत घातला, नवा दुभाष्या तयार केला आणि वडिलांच्या शिस्तीप्रमाणे फळा पुसला. ताई कामावर आल्यावर दारातून सांगितलंही, "बारके, श्वास आता वेगळा लिहायला नको. सैलमध्येच घातलाय." ताईचं डोकं संगणकाच्या पडद्यात होतं. ती "हं" म्हणाली. हे हं पुढे फार महागात पडलं.

मग तो माल परत आला. खोकेच्या खोके मोजे पायावर टिकत नव्हते, घसरून घोट्याशी गोळा होत होते. कारखान्यात अशा वेळी दोन शोध एकदम सुरू होतात, एक कारणाचा आणि एक माणसाचा, आणि माणूस नेहमी आधी सापडतो. दादाच्या फुशारक्यांना सगळे कंटाळलेच होते. चहाच्या टेबलाशी कुणीतरी म्हणालं, इतके ढिले फेरे सोडल्यावर मोजा घसरणार नाही तर काय होणार? साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताईने मजकूर उघडला. श्वासची मूळ व्याख्या तिथे सुटीच पडली होती, आणि तिच्यातले आकडे कुठल्याही कोष्टकातले नव्हते, दादाच्या अंगठ्याने ठरवलेले होते. ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "हा शब्द मोजूनमापून केलेला नाही. मी तो काढते." तिने ती व्याख्या पुसली आणि नवा दुभाष्या तयार केला. त्यानंतरचा माल उत्तम निघाला. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता?

दादा भांडला नाही, आणि हेच वाईट झालं. आठवड्याभरात आपली हत्यारं पिशवीत भरून तो निघून गेला. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशिनं दुरुस्त करायला बसला. ताईने फोन केले, तर वहिनी उचलायची, गोड बोलायची आणि शेवटी म्हणायची, "ते नाही म्हणतात गं." हळूहळू फोनही थांबले. ताईने मनाची समजूत घातली, की दादाला आपली चूक सोसवत नाही. आपल्या हाती काय आहे?

वर्षं गेली. जुनी मशिनं खिळखिळी झाली आणि साहेबांनी नवी मागवली. नव्या मशिनांबरोबर त्यांच्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅमही येणार होता. त्यात पडद्यावरच्या चित्रांतून मोजा निवडायचा, बस. साहेब ताईला म्हणाले, "तुझी बोली नव्या मशिनांवर चालली तर मला हवीच आहे. पण जुनी मशिनं उचलून नेईपर्यंतच वाट बघेन. नाहीतर चित्रं." मावशीने ती चित्रं पाहिली आणि विचारलं, "यात मी शिकवायचं कुठे?" शिकवायचं कुठेच नव्हतं.

ताई कामाला लागली. जुन्याच दुभाष्याकडून नव्या मशिनांसाठी दुभाष्या करून घेता आला असता. पण इतक्या वर्षांच्या ठिगळांवर पुन्हा ठिगळ लावायचं तिच्या जिवावर आलं. आता कंपायलर बांधायची सुरेख अवजारं मिळतात. भाषेचं व्याकरण तेवढं नेमकं लिहून द्यायचं, की ती वाचणारा भाग अवजार आपोआप तयार करून देतं. ताईने ठरवलं, सगळं स्वच्छ धुऊन नव्याने करायचं. पहिलं विरजण पुन्हा स्वतः लावायचं. त्यासाठी मूळ शब्दांची शिकवणी पुन्हा लिहावी लागणार होती. मजकुरात पाहिलं तर 'सैल आलं की सैल कर'. तिला हसू आलं. मशीन कंपनीच्या कोष्टकातून तिने सैलचा आकडा घेतला आणि घातला. नवा दुभाष्या झाला, त्याने बोली वाचली, आजी वाचली, भरदार वाचला, साहेबही वाचला. ताईने टेबल पुसून काढलं.

नव्या मशीनवरचे पहिले मोजे मावशीने घातले. मावशीच्या पायांच्या शिरा मुळातच फुगलेल्या, त्यामुळे कारखान्यातली पहिली परीक्षा तिच्याच पायांवर व्हायची. दाब मोजायच्या लाकडी पायावर मोजे बरोबर उतरले होते. घोट्याशी बरोबर, पोटरीशी बरोबर. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत मावशीने ते काढून हातात घेतले होते.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"तुझा लाकडी पाय चालत नाही, म्हणून त्याला कळत नाही," मावशी पोटरी चोळत म्हणाली. "हा मोजा धरून ठेवतो. आपला जुना सोडायचा मध्ये मध्ये."

ताईने कोष्टक तपासलं, व्याकरण तपासलं, अवजार तपासलं. दोनदा नवे मोजे काढले आणि मावशीने दोनदा ते काढून दिले. साहेब काचेपलीकडून नुसते पाहून जायचे. शेवटी ताईने जुना संगणक कोपऱ्यातून पुढे ओढला. एकच मोजा जुन्या दुभाष्याला वाचायला दिला आणि नव्यालाही, आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी लावून बोट फिरवत बसली.

घोट्यापासून वर दोन्ही रांगा जुळत होत्या. मग जुन्या रांगेत एक आकडा किंचित मोठा निघाला. पुढे पुन्हा जुळत गेल्या. मग पुन्हा एक मोठा. ठरावीक अंतराने, पोटरीभर, वरपर्यंत. ताईचं बोट पुन्हा पहिल्या मोठ्या आकड्यावर येऊन थांबलं. हे आकडे कुठल्याही कोष्टकातले नव्हते. ते तिने एकदाच पाहिले होते, पुसायच्या आधी.

श्वास.

तिला वाटलं, आपण काहीतरी जुनंपानं उघडलं असेल. पण तसं नव्हतं. हा कालपर्यंत काम करणारा दुभाष्या होता. तिने पुसलेली व्याख्या मजकुरातून गेलीच होती, पण ती होती रिकामी पिशवी. आतला माल दादाने त्याआधीच सैलच्या पोटात हलवला होता आणि फळा पुसला होता. तेव्हा कुठे तिला ते दारातलं वाक्य आठवलं, आणि आपलं हं आठवलं. तिने नवा दुभाष्या केला तो त्याच जुन्याकडून. जुन्याला सैल म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. त्याने ते मुकाट्याने पुढच्याला दिलं.

म्हणजे श्वास कधी गेलाच नव्हता. इतकी वर्षं जो जो मोजा चांगला निघाला तो त्याच्यासकट निघाला. एवढ्यावर ताईला बरंच वाटलं असतं, पण तिचं डोकं असं होतं की एक पायरी दिसली की पुढची दिसायचीच. श्वास पुसल्यावर माल सुधारला, असं सगळे म्हणत होते. श्वास पुसलाच गेला नव्हता, तर माल कशाने सुधारला? आणि तो असूनही माल सुधारला, तर बिघडवला त्याने कसा? मग तिला त्या आठवड्यातला गोदामातला गोंधळ आठवला. लवचीक धाग्याची जुनी रिळं संपून नवी उघडली होती. त्या जुन्या धाग्याचाच ताण गेलेला होता. दादाचा काही संबंध नव्हता.

काचेपलीकडे मशिनं चालू होती. ताई हात मांडीवर ठेवून बसली. तिला रडू आलं नाही, लाज वाटली, नुसती लाज.

हे कुणालाच सांगितलं नसतं तरी चाललं असतं, हेही तिला त्याच बैठकीत कळलं. आकडे हातात होते. ते गुपचूप नव्या सैलमध्ये घातले, की मावशीचा पाय सुखी, साहेब सुखी, बोली वाचली. दुभाष्याच्या पोटातलं पोटातच राहिलं असतं. मावशीला दिवसभर घालून बघायचे होते, म्हणून ताईने ते आकडे घालून नवे मोजे तेवढे काढून दिले. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी मावशी ते घालूनच चहाला आली आणि म्हणाली, "हा आपला." साहेबही आले. "चालतंय ना? मग झालं," ते म्हणाले.

"झालं नाही," ताई म्हणाली, आणि त्याच चहाच्या टेबलाशी उभं राहून तिने सगळं सांगितलं. श्वास काय होता, तो कुठे राहिला होता, त्या वेळी माल कशाने बिघडला होता आणि आपण कुणाचं नाव घेतलं होतं. बोलताना तिने कुणाच्याही कपाखालचं पुसलं नाही. साहेब म्हणाले की आता जुनं उकरून काय उपयोग. बाकीचे कपात बघत होते. मावशी मात्र म्हणाली, "आम्हाला काय सांगतेस? आम्ही तेव्हाही ऐकलंच होतं. त्याला जाऊन सांग."

त्याच संध्याकाळी ताई दादाच्या घरी गेली. पुढच्या खोलीत शिलाई मशिनांची आतडी काढून ठेवलेली होती. मधल्या टेबलाशी दादा चष्मा कपाळावर सरकवून बसला होता. केस पार पांढरे. वहिनीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. वहिनी शाळेत शिकवायची, नुकतीच परतली होती. तिच्या पायांत कारखान्याचेच मोजे होते.

दादाने मान वर केली, खाली घातली आणि स्क्रू फिरवत राहिला.

"दादा, तुझा श्वास गेलाच नव्हता," ताई उभ्याउभ्याच म्हणाली. "दुभाष्यात होता. आजपर्यंत."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

ताईने बोलण्याची जी जुळवाजुळव केली होती ती तिथेच संपली. दादाने बोटाने वहिनीच्या पायाकडे दाखवलं. "हिच्यासाठी दर वेळी नवी जोडी येते ती मी आधी अंगठ्यावर ओढून बघतो. ढिला फेरा हाताला लागतो. पहिल्या जोडीलाच लागला. म्हटलं, वा. चारचौघांत माझ्या तोंडाला काळं फासलं आणि मागल्या दाराने माझाच शब्द वापरतेय. फोनवर काय बोलू तुझ्याशी?"

आता कुठे ताईला अबोल्याचं टोक सापडलं, आणि ते तिने गृहीत धरलं होतं त्याच्या नेमक्या उलट्या बाजूला होतं. क्षणभर वाटलं, असंच समजू दे. चोर का होईना, पण त्याच्या शब्दाची किंमत असलेली. पण आता पुन्हा काही झाकायची तिची तयारी नव्हती.

"नाही रे," ती म्हणाली. "मी तो खरंच पुसला होता. तू सैलमध्ये घातलायस हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. आत्ता कळलं. आणि माल धाग्याने बिघडला होता, तुझ्याने नाही. हे आज कारखान्यातही सांगितलं. सगळ्यांसमोर, त्याच टेबलाशी."

दादाने हातातला पेचकस खाली ठेवला. "म्हणजे तू चोर नाहीस."

"नाही."

"मूर्ख आहेस."

"हो."

दादाने कपाळावरचा चष्मा काढला. मग डोळे चोळत म्हणाला, "चोर असतीस तर बरं वाटलं असतं, बारके. मला राग होता, पण मनात एक बरंही वाटायचं, की हिला निदान कळलंय मी काय केलं होतं ते."

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ताई खुर्चीत बसली. वहिनी म्हणाली, "आणि एकदा विचारलं असतंत तर? तेवढ्यासाठी इतकी वर्षं." हे ती कुणाला म्हणाली ते दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही आपल्याला नाही असं दाखवलं. वहिनी चहा ठेवायला आत गेली.

"आता कळलंय," ताई हळूच म्हणाली. "आकडा अन् आकडा वाचलाय मी तुझा. म्हणून सांगते, त्यात एक भोक आहे."

"कसलं भोक?"

"सगळ्यात लहान मापाला श्वास लागतच नाही. तुझं अंतर धरलं तर पहिला ढिला फेरा यायच्या आधीच त्यांची पोटरी संपते. बारीक पायाच्या बायकांना तो कधी मिळालाच नाही."

"शक्य नाही."

"आकडे आणलेत मी."

"आकडे गेले खड्ड्यात. टाचेपासून मोजलेस की घोट्यापासून?" असं म्हणत दादाने टेबलावरचे शिलाई मशीनचे सुटे भाग बाजूला सारले, शिंपी वापरतात तो चपटा खडू उचलला आणि टेबलाच्या काळ्या फळीवरच फेरे आखायला घेतले. घोटा, पोटरी, गुडघा. ताई पुढे झुकली. त्याने एक रेघ मारली की ती म्हणायची, इथे नाही, एक वर. तो म्हणायचा, तू गप्प बस, मशीन मी चालवलंय. मग तो ती रेघ एक वरच मारायचा. वहिनीने आणलेला चहा दोघांच्या कोपराशी निवत राहिला. लहान मापाची पोटरी आखून झाली तेव्हा दादा थांबला, मागे सरला आणि खडू कानावर ठेवून बघत राहिला.

"आहे खरं भोक," तो म्हणाला. तेवढं म्हणायला त्याला कष्ट पडले. "अंतर मापाप्रमाणे बदलायला हवं. हे असं."

त्याने लिहिलं. ताईने ते दोनदा वाचलं, मान हलवली. समजलं होतं. आणि मान हलताच तिचा हात आपसूक टेबलाच्या कडेला पडलेल्या फडक्याकडे गेला आणि फडकं उचलून खडूच्या रेघांशी पोचलाही.

"हात लावशील तर बघ," दादा म्हणाला. त्याने वरही पाहिलं नव्हतं.

ताईने फडकं खाली ठेवलं आणि ते चुकून आणखी कुणी उचलू नये म्हणून त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली.